गेमिंग लॅपटॉप सेलमध्ये लागलाय, घ्यायचा का?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



दसऱ्यापासून निरनिराळ्या गटांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. मुलगा मोबाईल पुढं करतो आणि म्हणतो, “आई, नव्वद हजारांचा लॅपटॉप बासष्ट हजारांना लागलाय. अठ्ठावीस हजार वाचतायत. रविवारपर्यंतच आहे.” आई गटाच्या बैठकीत विषय काढते, आणि सगळ्याजणी माझ्याकडं बघतात. कारण मी आमच्या गटाचं दप्तर लिहिते आणि दुपारी बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. कर्जाचा अर्जही माझ्याच पुढ्यात येतो आणि त्या लॅपटॉपचा फोटोही.

फोटोत काळं जाडजूड यंत्र असतं, बटणांच्या खालून लाल-हिरवे दिवे लागलेले. एका मावशींनी विचारलं, “गेम म्हणजे खेळच ना? मग खेळण्यासाठी बासष्ट हजार कशाला?” मावशींचा प्रश्न बरोबर आहे, पण एवढ्यावर ‘नाही’ म्हणून टाकलं तर कधीकधी पोरांवर अन्याय होतो. आणि नुसतं पोराच्या हट्टावर ‘हो’ म्हटलं तर गटाचे पैसे अडकतात. म्हणून आज या यंत्राची जरा नीट चौकशी करू.

लॅपटॉपमध्ये एक मुख्य मेंदू असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. टायपिंग, हिशेब, इंटरनेट, ऑनलाइन तास ही कामं तो करतो. पडद्यावर चित्र उमटवायचं कामही त्याच्याच पोटातला एक छोटा भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी दुसरा, वेगळा मेंदू बसवलेला असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्याची मेमरी स्वतःची, त्याला वीज जास्त लागते, तो तापतो, म्हणून त्याच्यासाठी मोठे पंखे लागतात. खेळातली पळती चित्रं दाखवायला हे कार्ड लागतं. पण लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, घराचा किंवा यंत्राच्या सुट्या भागाचा थ्रीडी नकाशा, ॲनिमेशन अशा जड कामांनाही तेच कार्ड उपयोगी पडतं. किंमत वाढते ती या कार्डामुळं आणि त्याला थंड ठेवायच्या व्यवस्थेमुळं.

शर्यतीच्या बैलाचं कौतुक आपल्या भागात कुणाला नाही? पण त्याचा खुराक वेगळा, बडदास्त वेगळी, आणि त्याला कुणी रोज पाण्याच्या गाडीला जुंपत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न सूट किती हा नाहीच. काम कोणतं, हा आहे. बारावी, बीए, बीकॉम, एमएस-सीआयटी, टॅली, ऑनलाइन अर्ज, गटाचे हिशेब, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, यातल्या कशालाच ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जावा, पायथन, वेबसाइट बनवणं, डेटाबेस असं कॉम्प्युटरच्या डिप्लोमात किंवा बीसीएला जे शिकवतात, तेही साध्या पण चांगल्या लॅपटॉपवर होतं. ऑटोकॅडमधली साधी सपाट ड्रॉइंगही होतात. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरची मुलं मोठी थ्रीडी कामं करायला लागली की कार्डाचा खरा फायदा सुरू होतो. व्हिडिओ एडिटिंगचा धंदा असेल तर फायदा नक्कीच. मुलगा म्हणाला की “कॉलेजनं सांगितलंय”, तर तो कागद मागा. बऱ्याच कॉलेजांची अशी यादी असते. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड लिहिलेलं आहे का, ते बोट ठेवून वाचायला लावा.

आता त्या अठ्ठावीस हजारांच्या बचतीकडं वळू.

म्हैस घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? व्यापाऱ्यानं सकाळची धार काढलेली नसते. कास भरून टम्म दिसते. आपण त्या कासेवर भाव करत नाही. दोन वेळा धार काढून बघतो, दात बघतो, वेत विचारतो, चालवून बघतो. ऑनलाइन सेलमधला तो खोडलेला आकडा म्हणजे न पिळलेली कास आहे. ८९,९९० ही छापील किंमत. छापील किंमत म्हणजे त्याच्या वर विकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्याला तो लॅपटॉप कुणी कधी घेतला होता, असं त्यातून सिद्ध होत नाही. बचत मोजायची असेल तर गेल्या दोन महिन्यांत तो प्रत्यक्षात कितीला विकला जात होता, तिथून मोजायची.

ते कसं कळणार? वस्तूंचे जुने भाव दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत, मुलांना त्या माहीत असतात. पण आपली साधी पद्धतही चालते. मॉडेलचं पूर्ण नाव वहीत लिहा आणि तीन आठवडे दर सोमवारी भाव टिपा. शहरातल्या दोन दुकानांत फोन करून तेच मॉडेल विचारा. समजा तो रोजच ६६,००० ला मिळत होता आणि आता ६१,९९० ला आहे. मग बचत चार हजारांची आहे. चार हजार काही थोडे नाहीत, पण अठ्ठावीस हजार ऐकून जी घाई होते ती चार हजार ऐकून होत नाही.

सेलच्या भावाखाली बारीक अक्षरं असतात. तो भाव बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावरच असतो, किंवा जुना लॅपटॉप बदल्यात दिला तरच. आपल्याकडं ते कार्ड नसलं की भाव दोन-तीन हजारांनी वर जातो. मग कुणाच्या तरी पाहुण्याचं कार्ड मागायला जाऊ नका. हप्ता चुकला तर नातं बिघडतं आणि कार्ड ज्याचं असेल त्याच्या नावावर दंड चढतो. आणि ‘रविवारपर्यंतच’ याला फार घाबरू नका. दसरा-दिवाळी झाली की २६ जानेवारी येतो, पुढं १५ ऑगस्ट येतो. दरवेळी सेल लागतोच.

खरोखर मोठी सूट असते, नाही असं नाही. नवं मॉडेल आलं की दुकानदाराला जुना माल काढायचा असतो. यात फसवणूक नाही. चार वर्षांपूर्वीची रचना कमी भावात मिळत असेल आणि आपलं काम त्यात भागत असेल तर जरूर घ्यावी. फक्त ती जुनी आहे हे आपल्याला ठाऊक पाहिजे आणि भाव त्या वयाचा पाहिजे. म्हणून दात बघायला शिकायचं.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. मी सावकाश सांगते.

ग्राफिक्स कार्डाच्या नावात आकडा असतो. आपल्याकडच्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया कंपनीची कार्डं जास्त दिसतात. आरटीएक्स २०५० आणि ३०५० ही २०२१ सालात जाहीर झालेली. ४०५० ही २०२३ ची. ५०५० ही २०२५ ची. नुसतं ‘आरटीएक्स’ असा चिकटवलेला स्टिकर बघून काही समजत नाही, पुढचा आकडा वाचायचा. शेजारी कार्डाची स्वतःची मेमरी लिहिलेली असते, ४ जीबी, ६ जीबी किंवा ८ जीबी. व्हिडिओच्या कामासाठी ४ जीबी आता अपुरी पडायला लागली आहे. ती नंतर वाढवता येत नाही.

पुढची गोष्ट दुकानदारही बहुतेक सांगत नाही. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या ताकदीवर चालवलेलं असतं. लॅपटॉपमधलं ४०५० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हींवर ४०५० लिहिलंय, एक आठ हजारांनी स्वस्त आहे. एकाच जातीच्या दोन म्हशी, एकीला पोटभर पेंड आणि दुसरीला अर्धी. दूध सारखं कसं निघेल? हा वॅटचा आकडा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत बहुधा असतो. मुलाला तो शोधून आणायला सांगा. सापडत नसेल तर दुकानदाराला विचारा.

प्रोसेसरचंही तसंच. इंटेलचा आय५ असेल तर त्यापुढचे पहिले दोन आकडे बघा. १२४५० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, ती २०२२ मध्ये आली. १३४२० मधले १३ म्हणजे त्यानंतरची. एएमडीच्या रायझनमध्ये मात्र जरा गंमत आहे. ७५३५ असं लिहिलेलं असतं, पहिला ७ बघून माणसाला नवं वाटतं. पण या सात हजारांच्या मालिकेत आतल्या रचनेचं वय तिसरा आकडा सांगतो. तिसरा आकडा ३ असेल तर रचना जुनी, ४ असेल तर तिच्या पुढची. हे कुणी मुद्दाम लपवलेलं नाही, कंपनीनंच अशी पद्धत जाहीर केली होती. पण गिऱ्हाइकाला ती सांगणार कोण?

रॅम १६ जीबी असावी. सेलमधल्या सगळ्यात स्वस्त लॅपटॉपमध्ये ८ जीबी असते, आणि भाव तिथंच कमी केलेला असतो. ८ जीबी असेल तर दुसरी रॅम बसवायला जागा मोकळी आहे का, ते विचारा आणि तिचा खर्च किमतीत धरा. एसएसडी ५१२ जीबी असली तर सुरुवातीला पुरते.

पडद्यावर ‘१४४ हर्ट्झ’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. ते खेळणाऱ्याच्या कामाचं. चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला रंगाचं काम करायचंय त्यानं दुसरी ओळ वाचायची. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं असेल तर रंग फिके दिसणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर रंग बरेच खरे दिसणार. फिक्या पडद्यावर नवरीचा लाल शालू विटकरी दिसतो, म्हणून एडिटिंग करणारी तो जास्त लाल करते, आणि मग टीव्हीवर बघताना नवरीच्या घरचे म्हणतात, “आमच्या पोरीचा चेहरा असा लालभडक का झालाय?”

एवढं झालं दातांचं. आता खुराक.

साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो. गेमिंगचा १८० ते २४० वॅटचा, विटेएवढा मोठा आणि वजनदार. लॅपटॉप स्वतः सव्वादोन-अडीच किलोचा. रोज एसटीनं कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर हे सगळं मिळून तीन किलो होतं. जड काम करताना यंत्र दीडशे वॅट घेतं असं धरलं आणि रोज चार तास चाललं, तर महिन्याला १८ युनिट होतात. साधा लॅपटॉप ३० वॅटनं तेवढाच वेळ चालला तर साडेतीन युनिटांच्या आसपास. बिल गगनाला भिडत नाही, पण फरक आहे.

जास्त महत्त्वाचं म्हणजे वीज गेल्यावर काय. बॅटरीवर साधं काम केलं तर तीन-चार तास, जड काम किंवा गेम केला तर जेमतेम तासभर. आणि बॅटरीवर असताना ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीनं चालतच नाही. म्हणजे जिथं दुपारी लाइट जाते त्या गावात शर्यतीचा बैल अर्धा वेळ लंगडा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तो आणखी तापतो. त्याचे पंखे खालून हवा ओढतात, हवेबरोबर धूळ ओढतात. गादीवर, मांडीवर ठेवून चालवायचा नाही. फळीवर, टेबलावर ठेवायचा, आणि वर्षातून एकदा आतून साफ करून घ्यायचा. घरातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर काही लॅपटॉपच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, मग यंत्र आणा.

आणि दुरुस्ती. वॉरंटी एक वर्षाची असते, पण माणूस घरी येणार की यंत्र आपण घेऊन जायचं, हे विचारा. जायचं असेल तर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे? एखाद्या छोट्या बिघाडासाठी दोनदा पुण्याला जायला लागलं तर सेलचे चार हजार तिथंच निम्मे होतात. चहा सांडला, हातातून पडला, हे साध्या वॉरंटीत बसत नाही.

आता पैसे कसे द्यायचे. दुकानात ‘बिनव्याजी हप्ता’ लिहिलेलं असतं. बँक बिनव्याजी काही देत नाही. होतं असं, की बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम विकणारा किमतीतून कमी करतो. साठ हजार रुपये, बारा हप्ते, महिन्याला पाच हजार. व्याज १५ टक्के धरलं तर त्यात साधारण ४,६०० रुपये व्याज लपलेलं असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाआठशे रुपये, ते मात्र आपल्याच माथी. वर फाइलचा खर्च. हजार-बाराशे असे जातात. हे वाईट नाही, गटाच्या कर्जापेक्षा स्वस्तच पडतं. पण दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: “तुम्ही बँकेला व्याजापोटी जी सूट देता, ती आम्ही रोख दिले तर आम्हाला देणार का?” कधी देतात, कधी देत नाहीत. विचारायला काय जातंय?

गटाचं कर्ज शेकडा दोननं घेतलं, साठ हजार, दरमहा पाच हजार मुद्दल फेडलं, तर बारा महिन्यांत व्याज ७,८०० रुपये होतं. पहिल्या महिन्याला १,२००, मग १,१००, असं उतरत. हे व्याज गटातच राहतं हे खरं. पण लॅपटॉपची किंमत आता ६७,८०० झाली, आणि चार हजारांची सूट व्याजात केव्हाच विरघळली.

आमच्या गटात हा अर्ज आला तेव्हा काय झालं, ते सांगते. नावं सांगत नाही. गटात आम्ही अकराजणी, शिल्लक सव्वादोन लाखांच्या आत. एका ताईंनी मुलासाठी साठ हजार मागितले. त्याच बैठकीत एका वैनींचा शेळ्यांसाठी वीस हजारांचा अर्ज होता आणि एकीला बोअरची मोटर भरायची होती. आमच्या आक्का सगळ्यात मोठ्या, साठीच्या. त्या म्हणाल्या, “आईला कशाला विचारताय? पोराला बोलवा.”

पोरगा आला. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मी विषय विचारले, त्यानं भराभर सांगितले. कॉलेजची यादी मोबाईलवर दाखवली. तिच्यात आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम होती. ग्राफिक्स कार्डाचं नाव नव्हतं. त्यानं निवडलेल्या लॅपटॉपमध्ये २०५० कार्ड होतं, ४ जीबीचं, आणि रॅमही आठच. आक्कांनी विचारलं, “गेम खेळणार का? खरं सांग, लेकरा.” तो म्हणाला, “खेळणार, आक्का. पण अभ्यासही करणार.” सगळ्या हसल्या. त्याला कुणी रागावलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला खेळावंसं वाटलं तर त्यात पाप काय आहे? पण गटाच्या पैशात खेळाचा वाटा किती असावा, हे गटानं ठरवायचं.

मग त्या वैनी, शेळ्यावाल्या, हळूच म्हणाल्या, “ताई, तुमची धाकटी यंदा बारावीला ना? ती काय वापरणार?” ताई गप्प झाल्या. धाकटी सीईटीचा सराव मोबाईलच्या फुटक्या स्क्रीनवर करत होती, आणि फॉर्म भरायला बाजारपेठेत दुकानात जाऊन तासन् तास थांबत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. पण अर्जात तिचं नाव नव्हतं. एका घरात साठ हजार एका यंत्रात गेले की पुढची दोन वर्षं दुसऱ्या यंत्राचा विषय निघत नाही, आणि ते दुसरं यंत्र बहुतेक घरांत मुलीचंच असतं.

तासभर चर्चा झाली. शेवटी १६ जीबी रॅमचा साधा, हलका लॅपटॉप ठरला, ४४,००० चा. चौदा हजार घरचे, दुधाच्या बिलातले. तीस हजार गटाचे, दहा महिन्यांत फेडायचे. व्याज ३,३०० रुपये. लॅपटॉपमध्ये दोघांची वेगवेगळी खाती, वेगवेगळे पासवर्ड, आणि संध्याकाळी पाच ते आठ तो तिचा. वैनींच्या शेळ्याही त्याच महिन्यात आल्या. मुलगा नाराज झाला. आठवडाभर आईशी धड बोलला नाही. तेही सांगायला हवं.

पण दरवेळी उत्तर ‘साधाच घ्या’ असं नसतं. शेजारच्या गावातल्या गटानं गेल्या वर्षी एका मुलीसाठी गेमिंग लॅपटॉपला कर्ज दिलं, आणि माझ्या मते बरोबर केलं. ती मुलगी शहरातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करायची. स्टुडिओच्या मशीनवर केलं तर एका लग्नाचे दोन हजार. स्वतःच्या मशीनवर करून दिलं तर चार हजार. एका हंगामात तिनं २४ लग्नं केली होती, वहीत तारखेसकट लिहिलेली. म्हणजे मशीन नसल्यामुळं हंगामाला ४८,००० रुपये सुटत होते. शिवाय सीझनमध्ये काम रात्री उशिरापर्यंत चालायचं, शेवटची एसटी चुकली की वडील मोटारसायकल घेऊन न्यायला जायचे. घरात भांडण त्यावरून व्हायचं, आणि लग्न ठरेपर्यंत काम बंद कर असा विषय निघाला होता.

तिनं गटापुढं ती वही ठेवली. तिला पंचाहत्तर हजारांच्या आतला पाहिजे होता. सेलमधला सगळ्यात स्वस्त तिनं स्वतःच नाकारला, कारण त्याचा पडदा ४५ टक्केवाला होता. पाच हजार जास्त देऊन खऱ्या रंगांचा घेतला, ६ जीबीचं कार्ड, १६ जीबी रॅम. तिला कुणी दिव्यांच्या रंगाबद्दल बोलताना ऐकलं नाही. यंत्र गेमिंगचं, पण तिच्यासाठी ते शिलाई मशीनसारखंच होतं. गटानं दीड वर्षाची मुदत दिली आणि लग्नांच्या महिन्यांत हप्ता मोठा, पावसाळ्यात छोटा, असं ठरवून घेतलं.

दोन्ही गटांनी लॅपटॉप बघायच्या आधी वही मागितली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्यांना चाळीस हजारही जड आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसातले तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात, ते दुरुस्त करून, तपासून विकले जातात. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास चांगला मिळू शकतो. इंटेलचा घेत असाल तर आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, कारण त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी तपासा, निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी घ्या. आणि मोबाईलवर ‘मोफत लॅपटॉप योजना, लिंक दाबा’ असा मेसेज आला तर तो पुढं पाठवू नका. लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका. कॉलेजात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

घ्यायचं ठरलंच, तर त्या दिवशीची कामं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर पाहिजे. ऑनलाइन मागवला तर खोकं उघडताना सुरुवातीपासून मोबाईलवर व्हिडिओ काढा. चालू करून रॅम किती दाखवतोय ते बघा, ग्राफिक्स कार्डाचं नाव बघा, विंडोज खरं आहे का बघा. काही लॅपटॉप विंडोजशिवाय विकतात, म्हणून ते स्वस्त दिसतात. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपका दिसतोय का बघा. कंपनीच्या वेबसाइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी आजपासून सुरू झालीय की सहा महिन्यांपूर्वीच, ते तपासा. खोकं वर्षभर टाकू नका.

दुकानात पाटी असते, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. माल सदोष निघाला तर ही पाटी चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. आधी दुकानदाराला लेखी कळवा, त्याची नक्कल ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. पुन्हा सांगते, एक नऊ एक पाच. मराठीत बोललं तरी चालतं.

तुमच्या गटात असा अर्ज आला असेल तर मॉडेलचं पूर्ण नाव, भाव आणि मुलगा किंवा मुलगी काय शिकते एवढं कागदावर लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा. मंगळवारी दुपारी मी असते.